वाकड्या भिंतींचे अण्णा

बसवनगुडीतल्या त्या ऑफिसातला माझा तिसरा दिवस. मी काढलेला एका जुन्या घराचा नकाशा अण्णांनी टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कागदाला लागेल इतके वाकून ते बराच वेळ बघत राहिले. मग शांतपणे विचारलं, "काय अम्मा, हे घर तुम्ही कधी दुरुस्त केलंत?"

मला काही कळेना. मी म्हटलं, दुरुस्त कुठे, नुसतं काढलंय.

"मग ही पूर्वेची भिंत सरळ कशी झाली? सोमवारी मी बघितली तेव्हा तिला पोट आलं होतं की."

भिंत सरळ झाली होती ती कॉम्प्युटरमुळे. दोन रेघा काटकोनाच्या जवळपास आल्या की तो त्यांना आपणच काटकोनात ओढून घेतो. मी तसं सांगितलं. अण्णांनी कागदाची नीट सुरळी केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आपल्याला घर बघायला बोलावलंय. सुधारायला नाही." एवढं बोलून त्यांनी दहीभाताचा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी मी त्या घरी परत गेले आणि भिंतीचं पोट मोजून आले. सव्वातीन इंच होतं.

आमच्या ऑफिसचं काम साधं होतं. एखादं जुनं घर पाडायचं किंवा बदलायचं ठरलं, की त्याआधी ते मोजायचं, त्याचे फोटो घ्यायचे, नकाशे काढायचे आणि एक फाईल करून ठेवायची. अण्णा सरकारी बांधकाम खात्यात अख्खी नोकरी नकाशे काढण्यात घालवून निवृत्त झाले होते. सत्तरीला टेकले होते. मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे बेंगळुरूला आले, आणि एवढ्या मोठ्या शहरात मराठी बोलणारं माणूस शेजारच्या टेबलावर मिळालं म्हणून पहिल्या दिवशी फार हरखले. पण अण्णांची मराठी माझ्या कानांना नवी होती. 'थोडं' म्हणायचं तिथे ते 'स्वल्प' म्हणत, 'बरं'च्या जागी 'सरी', आणि 'सगळं'ला 'अस्कं'. घरातल्या घरात तीन-साडेतीनशे वर्षं जपलेली भाषा होती ती. त्यांचा कुणी पूर्वज म्हणे घोड्यावर बसून इकडे आला. घोडाच होता की खेचर, याची खात्री नसल्यामुळे अण्णा 'घोडा' हा शब्द जरा हळू आवाजात उच्चारत.

आकडे मात्र ते फक्त कन्नडमध्ये सांगत. मोजायला त्यांना एका कन्नड मेस्त्रीने शिकवलं होतं आणि शिकवताना आकडा चुकला की तो पाठीत बुक्का घालायचा, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या भाषेत आकडा तोंडातून निघतच नाही, असं त्यांचं म्हणणं. ते टेपचं टोक धरून आकडा सांगणार आणि मी लिहून घेणार, अशी आमची जोडी. एकदा एका जिन्यावर मी 'एंटु'चा 'एळु' ऐकला, म्हणजे आठाचे सात लिहिले. अण्णांनी रागावणं तर सोडाच, आवाजसुद्धा चढवला नाही. संध्याकाळी ऑफिसात हिशेब जुळेना तेव्हा ते उठले, चप्पल घातली, आणि आम्ही दोन बस बदलून परत त्या जिन्यापाशी गेलो. बावीस पायऱ्या पुन्हा मोजल्या. येताना बसमध्ये त्यांनी मला एक ते शंभर आकडे पाठ म्हणायला लावले. पुढच्या बाकावरची भाजीवाली वळून वळून माझे उच्चार सुधारत होती.

त्यांच्याजवळ सहा फुटांची एक लाकडी काठी होती, फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे मारलेली. ती घेऊन ते चामराजपेटहून रोज बसने येत. त्या काठीमुळे बसमध्ये त्यांना नेहमी उभं राहावं लागे, आणि बघणारे त्यांना साप पकडणारे समजत. एकदा तर एका मोठ्या सोसायटीच्या वॉचमनने त्यांना हाताला धरून आत नेलं. अण्णांनी अर्धा तास शांतपणे गॅरेजमध्ये साप शोधला. सापडला नाही. पण गॅरेजचा एक खांब दीड इंच कलला आहे, हे त्यांनी वॉचमनला सांगून ठेवलं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला लग्नातली गोष्ट सांगितली. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि नवरदेव मान वर करून मांडवाचा खांब बघतोय. काकूंना वाटलं, आपल्याकडे बघायला लाजतोय. "खांब वाकडा होता," अण्णा आतल्या खोलीतून म्हणाले. काकू म्हणाल्या, चाळीस वर्षं झाली, अजून तेच सांगतात.

प्रत्येक घरात त्यांची एक पद्धत ठरलेली होती. मोजायला सुरुवात करण्याआधी घरातल्या माणसाला बरोबर घेऊन ते सगळं घर फिरत आणि प्रत्येक खोलीला घरात काय म्हणतात ते विचारून घेत. नकाशावर 'शयनगृह क्रमांक एक' असलं काही त्यांना चालत नसे. 'मावशी निजायची ती खोली', 'लोणच्याची खोली', 'अण्णप्पा पडला तो जिना' असंच लिहायचं. ऑफिसचे साहेब कुरकुर करत, पण फाईल तशीच जाई.

या पद्धतीमुळेच बोम्मसंद्र्याच्या घरी पहिल्याच दिवशी एक गोष्ट त्यांच्या कानावर पडली.

होसूर रस्त्यावर कारखान्यांच्या मधोमध ते घर उभं होतं. तिथे त्याला नुसतं 'तोटद मने' म्हणत, म्हणजे मळ्यातलं घर. मळा केव्हाच गेला होता. तिन्ही बाजूंना शेड, चौथ्या बाजूला ट्रक उभे राहायची जागा. घर मात्र चांगलं ठणठणीत होतं. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, मध्ये उघडा चौक, चौकाभोवती दगडी खांब. परिसरातलं सगळ्यांत जुनं शेतघर होतं ते. कामगारांची वसतिगृहं बांधण्यासाठी एका कंपनीने ती जागा घेतली होती आणि पाडण्याआधी घराची पूर्ण नोंद करून देण्याचं कबूल केलं होतं. आम्हाला एक आठवडा मिळाला होता. पुढच्या सोमवारी जेसीबी येणार होता.

घरात दोनच माणसं होती, भाऊ आणि बहीण. भाऊ साठी ओलांडलेला, त्यांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला. मोकळ्या स्वभावाचा, बोलका. बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला सगळेच अक्का म्हणत. घराच्या पुढच्या पडवीत तिची पिठाची गिरणी होती. कारखान्यातले लोक तिच्याकडे नाचणी दळायला आणत. सकाळी आठपासून गिरणीचा आवाज सुरू व्हायचा आणि अक्का कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांनी, फारसं न बोलता, एकेकाचा डबा भरून द्यायची.

भावाने हौसेने सगळं घर दाखवलं. ही नाचणीची खोली, हे स्वयंपाकघर, इथे बैल बांधायचे, इथे वडील हिशेबाला बसायचे. अण्णा लिहून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, आणि तुमच्या आईची खोली कोणती?

भावाचा चेहरा बदलला. "तिची नव्हती कुठली खोली," तो म्हणाला. "मी तीन वर्षांचा असताना ती मला टाकून माहेरी गेली. तिथेच वारली. इथे तिचं काही नाही."

घरात आईचा फोटो नव्हता. वडिलांचा होता, हार घातलेला. अण्णांनी वही मिटली आणि त्या दिवशी आम्ही बाहेरच्या भिंती मोजायला घेतल्या.

कंपनीचा एक इंजिनियर तिथे होता, नम्र आणि हुशार तरुण. त्याच्याकडे लेझरचं यंत्र होतं, ड्रोन होता. एका सकाळीत त्याने सगळं घर मोजलं आणि दुपारी लॅपटॉपवर नकाशा आम्हाला दाखवला. अण्णांनी तो बघितला आणि आपला टेप उचलला. आमचं मोजणं पुढे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते वही घेऊन चौकात बसले आणि बेरजा करू लागले. पूर्वेची बाजू बाहेरून बासष्ट फूट भरत होती. आतून खोल्या आणि भिंती मिळवल्या की साडेपंचावन्न. साडेसहा फूट कुठे गेले ते कळत नव्हतं.

इंजिनियर म्हणाला, त्याच्याही नकाशात हा फरक आला होता. मातीचं घर आहे, नाचणीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत जाड असणार, म्हणून त्याने ती तेवढी जाड दाखवून टाकली.

"साडेसहा फूट जाड?" अण्णांनी विचारलं. "आत कोण बसलंय, हत्ती?"

आम्ही परत मोजलं. मी टेप धरला, मग अण्णांनी धरला, मग इंजिनियरने लेझर लावला. तिघांचेही साडेसहा फूट. अण्णा त्या भिंतीला कान लावून बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत पुढे सरकले. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. मग इंजिनियरला काहीतरी आठवलं. त्याने ड्रोनने वरून काढलेला छपराचा फोटो उघडला आणि मोठा केला. शेकडो लाल कौलांमध्ये एक काळं कौल होतं, बरोबर त्या जाड भिंतीच्या वर.

अण्णा यंत्रांना नाक मुरडायचे, पण तो फोटो त्यांनी दोन्ही हातांत धरून बघितला. "काचेचं कौल आहे," ते म्हणाले. "धूर बसून काळं झालंय. खाली उजेड पडावा म्हणून काचेचं कौल घालतात. खाली कोणी नसेल तर उजेड कोणाला?"

हे ऐकल्यावर भाऊ उठूनच उभा राहिला. वडील त्या भिंतीला कधी खिळा मारू देत नसत, हे त्याला एकदम आठवलं. आत जुनं काही ठेवलं असेल, पूर्वजांचं, असं तो म्हणू लागला. उद्या सकाळीच भिंत फोडू, पहार आहे घरात. तो बोलत असताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते लक्षात येत नव्हतं. अण्णांच्या आलं. ते पडवीकडे बघत होते. गिरणी बंद पडली होती. दळणाचे डबे रांगेत ठेवलेले, बाहेर दोन माणसं ताटकळत उभी, आणि अक्का पट्ट्यापाशी नुसतीच हात लोंबत ठेवून उभी होती.

अण्णांनी भावाला सांगितलं, उद्या नको, आधी मला वरचं छप्पर नीट बघू दे. स्वल्प थांबा. मग भाऊ बाहेर गेल्यावर ते पडवीत जाऊन अक्काच्या समोर, पोत्यावर बसले. मीही मागे जाऊन बसले. माझं कन्नड बाजारापुरतं होतं. तिने जे सांगितलं त्यातलं निम्मं मला तिथेच कळलं, निम्मं अण्णांनी परतीच्या बसमध्ये सांगितलं.

आई माहेरी गेलीच नव्हती. तिला क्षय झाला होता. त्या काळी त्या रोगाची गावाला अशी धास्ती होती की ते नावही कोणी घेत नसे. वडिलांनी तिला नाचणीच्या खोलीमागच्या लहान खोलीत ठेवलं आणि गावात सांगितलं, माहेरी गेली. अकरा महिने ती त्या खोलीत होती. बारा वर्षांची अक्का दाराशी ताट ठेवून यायची, आत पाऊल टाकायची मनाई होती. तीन वर्षांच्या पोराला तर आई घरात आहे हेही कळू द्यायचं नव्हतं, कळलं असतं तर तो दाराशी गेला असता. आत अंधार फार होतो म्हणून आईने एकच मागणं केलं, त्यावरून वडिलांनी ते काचेचं कौल बसवलं. आणखी एक मागणं तिने अक्काकडे केलं होतं. खोलीला चौकाच्या बाजूने वर एक झरोका होता. पोराला रोज त्या झरोक्याखाली खेळव, म्हणाली, म्हणजे मला त्याचा आवाज येईल.

ती गेल्यावर वडिलांनी रातोरात तिचे अंत्यसंस्कार उरकले, दार आणि झरोका चिणून टाकला, आणि हे कुणाला सांगायचं नाही असं अक्काकडून वचन घेतलं. वडील जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. अक्काने वचन पाळलं होतं. भाऊ आईवर राग धरून मोठा झाला, म्हातारा झाला, आईच्या गावाला एकदाही गेला नाही, हे सगळं तिने बघितलं होतं.

"तुम्ही मोजणारे आहात," ती अण्णांना म्हणाली. "त्या इंजिनियरने काढली तशी जाड भिंत काढा. तुमचं काय जातंय?"

अण्णांनी काठी उचलली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर आले नाहीत. मी ऑफिसात लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. तापात ते येत, बसच्या संपात चालत येत. दुपारी मी चामराजपेटला त्यांच्या घरी गेले. बाइंडिंगच्या दुकानामागे दोन खोल्यांचं घर. काकूंनी दार उघडून हळूच सांगितलं, सकाळपासून कोरा कागद पुढे घेऊन बसलेत, जेवलेसुद्धा नाहीत.

मी जवळ जाऊन बसले. मला खरंच वाटत होतं की त्यांनी ती जाड भिंत काढून द्यावी. एका म्हातारीने एवढं मागितलं होतं. तीन दिवसांनी घरच उरणार नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं.

अण्णा म्हणाले, रात्रभर मीही तेच म्हणत होतो. एक रेघ जाड काढायला किती वेळ लागतो? जन्मभर एकही खोटी रेघ काढली नाही, म्हणून आता काढायची नाही, एवढ्यावर त्या बाईचं मन मोडणं बरोबर नाही. काढली असती. पण मग सकाळी एक गोष्ट ध्यानात आली, आणि तेव्हापासून घास उतरत नाही.

"मी लपवीन की," ते म्हणाले. "पण सोमवारी जेसीबी येणार. तो थोडाच लपवणार आहे?"

मला ते सुचलंच नव्हतं. पहिल्या धक्क्यात ती भिंत पडणार, भाऊ समोर उभा असणार, आणि ढिगाऱ्यात एक खोली निघणार. तोवर अक्का गप्प राहिली तर त्याला ते कोण सांगणार होतं, आणि कसं?

शनिवारी आम्ही दोघं बोम्मसंद्र्याला गेलो. गिरणी बंदच होती. अक्का पडवीत नुसती बसली होती. अण्णा या वेळी पोत्यावर बसले नाहीत, तिच्यासमोर जमिनीवरच बसले. म्हणाले, नकाशा तुम्ही म्हणाल तसा काढतो. नंतर सोमवारचं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी ते जे म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द कळलं, कारण फार सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"तुम्ही सांगितलं तर ती त्याच्या आईची खोली. जेसीबीने सांगितलं तर नुसतं भोक."

अक्का हाताला लागलेलं जुनं पीठ नखाने खरवडत बसली. मग उठली, चौकात गेली आणि भावाला हाक मारली.

आम्ही बाहेरच थांबलो. ऐकू येऊ नये म्हणून अण्णा मला घेऊन ट्रकांपर्यंत गेले. पाऊण तास तरी आम्ही तिथे उन्हात उभे होतो. अण्णांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग इंजिनियर आम्हाला बोलवायला आला.

भाऊ चौकाच्या पायरीवर बसला होता. अक्का त्याच्या शेजारी, पण थोडं अंतर ठेवून. तो तिच्यावर ओरडला असेल, रडला असेल, मला माहीत नाही. आम्ही गेलो तेव्हा तो शांत होता आणि एखाद्या परक्या ठिकाणी आल्यासारखा सगळीकडे बघत होता. आम्हाला पाहून म्हणाला, त्या वयातलं त्याला एकच आठवतं. भिंतीमागे एक आजारी गाय होती, ती खोकायची. वडील म्हणायचे, गाय आहे, तिकडे जायचं नाही.

"गाय नव्हती," तो म्हणाला. मग अक्काकडे वळला. "मी कुठे खेळायचो?"

अक्का उठली. चौकाच्या पूर्वेला दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि पायाने जागा दाखवली.

भिंत त्याने स्वतः उघडली. इंजिनियरने माणसं बोलवू का विचारलं, त्याने नको म्हणून मान हलवली. चिणलेल्या दाराची जागा अक्काने दाखवली. एकेक वीट काढून तो बाजूला रचत होता, फेकत नव्हता. माणूस वाकून आत जाईल एवढी वाट झाल्यावर आधी अक्का आत गेली. साठ वर्षांपूर्वी तिला जिथे पाऊल टाकू दिलं नव्हतं तिथे ती उभी राहिली. मग भाऊ गेला, मग त्याने आम्हाला आत यायला सांगितलं.

आत काही नव्हतं. जमिनीत खाटेच्या चार पायांचे खळगे, कोनाड्यात दिव्याची काजळी, आणि वरून त्या काळ्या काचेतून येणारा तपकिरी उजेड. अण्णा डोळे बारीक करून भिंती बघत हळूहळू फिरले आणि चौकाकडच्या भिंतीपाशी थांबले. चिणलेल्या झरोक्याच्या बरोबर खाली, जमिनीपासून थोडं वर, भिंतीचा एक भाग गुळगुळीत आणि काळसर झाला होता. बाकी सगळी भिंत खरबरीत. तेल लावलेलं डोकं रोज एकाच जागी टेकलं की भिंत तशी होते. अकरा महिने तिथे बसून कोणीतरी ऐकत होतं.

अण्णांनी खिशातून टेप काढला आणि त्याचं एक टोक भावाच्या हातात दिलं. त्याने ते जमिनीला टेकवून धरलं. अण्णांनी टेप वर नेला, त्या काळसर डागाच्या मध्यापर्यंत, आणि आकडा सांगितला. "एरडु अडी, नाल्कु इंचु." दोन फूट चार इंच. मी लिहून घेतलं. त्यानंतर आम्ही सगळी खोली मोजली, खाटेचे खळगेसुद्धा. सगळ्या वेळात टेपचं दुसरं टोक भावाकडेच होतं.

निघताना अण्णांनी वही उघडली आणि या खोलीला काय लिहू, असं दोघांना विचारलं. अक्काने भावाकडे बघितलं. तो म्हणाला, 'अव्वन कोणे' लिहा. म्हणजे आईची खोली.

सोमवारी ठरल्याप्रमाणे जेसीबी आला. पाडायला लागले तेव्हा दोघं भाऊबहीण समोर उभे होते, असं इंजिनियरने नंतर फोनवर सांगितलं. आता तिथे चार मजली वसतिगृह आहे. भाऊ आणि अक्का जवळच एका फ्लॅटमध्ये राहतात. गिरणी त्यांनी खालच्या दुकानात पुन्हा सुरू केली. फाईलमधल्या नकाशाची एक प्रत भावाने मागून नेली. त्यानंतर वर्षभरात अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी काम सोडलं. अधूनमधून मी काकूंच्या हातची कॉफी प्यायला चामराजपेटला जाते. अण्णा माझे नवे नकाशे भिंग लावून बघतात आणि मी काही दुरुस्त तर केलं नाही ना, ते तपासतात.

भावाने अण्णांना एकदा बरोबर नेलं होतं, ते मात्र मला बरेच दिवस माहीत नव्हतं. घर पाडल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो आणि अक्का आईच्या गावाला गेले. दोघांनाच त्या दारात जायचा धीर होत नव्हता, म्हणून त्याने अण्णांना बोलावलं. "मलाच का, हे मी विचारलं नाही," अण्णा म्हणाले. गावात तिचं माहेरचं घर अजून आहे, भाचे राहतात. अण्णा लांब चिंचेखाली थांबले. दारात एक म्हातारा आला आणि त्याने विचारलं, कोण तुम्ही, कुठून आलात?

साठ वर्षं ज्या नावावर राग होता, ते आईचं नाव भावाने मोठ्याने सांगितलं. मग म्हणाला, मी तिचा मुलगा.